एका फाइलीतले अनेक ध्वनिट्रॅक

एमकेव्ही, एमओव्ही किंवा एमएक्सएफ यांसारख्या फाइलींना ‘कंटेनर’ म्हणतात, कारण चित्राचा एक प्रवाह आणि ध्वनीचे अनेक स्वतंत्र प्रवाह, म्हणजेच ट्रॅक, त्यांत एकत्र बांधलेले असू शकतात. ट्रॅक आणि चॅनल यांची गल्लत मात्र वारंवार होते: 5.1 ध्वनीचा एकच ट्रॅक सहा चॅनलांचा असतो, तर व्यावसायिक कॅमेऱ्याच्या एमएक्सएफ फाइलीत पुष्कळदा प्रत्येक चॅनलसाठी वेगळा ट्रॅक असतो. ओबीएस स्टुडिओ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निवेदकाचा आवाज, व्हिडिओ गेमचा ध्वनी, संगीत असे सहापर्यंत ट्रॅक वेगवेगळे नोंदवू शकते. तथापि साधा प्लेअर बहुधा त्यांपैकी एका वेळी एकच ऐकवत असल्याने बाकीचे नोंदलेच गेले नाहीत, असा समज होतो. खरे नुकसान होते ते रूपांतरात. एफएफएमपेग हे साधन, स्पष्ट सूचना नसल्यास, ध्वनीचा एकच प्रवाह, सहसा सर्वाधिक चॅनलांचा, निवडते आणि उरलेले निमूटपणे वगळते. सर्व प्रवाह हवे असल्यास ‘मॅप’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि त्यासोबत प्रवाह नव्याने एन्कोड न करता जसेच्या तसे उतरवून घेतले, तर गुणवत्ताही घटत नाही. अडोबी प्रीमियर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येही ध्वनिचॅनलांची मांडणी क्लिप टाइमलाइनवर ठेवण्यापूर्वीच ठरवणे इष्ट असते, कारण मूळ क्लिपमध्ये नंतर केलेला बदल आधीच ठेवलेल्या तुकड्यांना लागू होत नाही.