ह्यांना पलंगावरून उठवले तेव्हा

गेल्या श्रावणात ह्यांना हार्ट ॲटॅक आला. वय अवघे बेचाळीस! अँजिओप्लास्टी झाली, पाचव्या दिवशी घरी सोडले, आणि मैत्रिणींनो, खरी परीक्षा तिथून सुरू झाली. दवाखान्यात निदान सिस्टर तरी होत्या. घरी मीच सिस्टर नि मीच आया. रात्री दोनदोनदा उठून ह्यांच्या नाकाशी हात धरून बघायची, श्वास चालू आहे ना!

करावं तेवढं थोडंच, असं वाटून मी ह्यांना पलंगाखाली पाय ठेवू दिला नाही. चहा हातात, पेपर हातात. मी सकाळी शाळेत गेले की सासूबाई पहाऱ्याला. त्यांनी तर ताकद यावी म्हणून तुपातला शिरा सुरू केला. भेटायला येणाऱ्यांची रीघ होतीच. ह्यांचा स्वभाव मूळचा शांत, पण भाजी अळणी म्हणून ताट सरकवण्यापर्यंत मजल गेली. दहाव्या दिवशी सकाळी उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी! माझ्या पोटात गोळाच आला.

ॲटॅक नव्हता. तपासणी झाल्यावर तिथल्या सिस्टरांनी विचारले, "रोज चालतात किती?"

"छे हो, उठूच देत नाही," मी अभिमानाने सांगितले.

"मग चक्कर येईल नाही तर काय? ताई, घरी जाताना दिलेला कागद वाचला नाहीत?"

तो बिलांच्या फायलीत गेला होता. वर्गात 'सूचना नीट वाचा' म्हणून ओरडणारी मी!

एकेकाळी अशा रोग्याला चार-सहा आठवडे निजवूनच ठेवत. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रोग्यांना खुर्चीत बसवून दाखवले, तेव्हापासून ती पद्धत मागे पडत गेली. पडून राहिल्याने स्नायू गळतात, पायांत रक्ताच्या गाठी होण्याची भीती असते. त्यात बी.पी. उतरवणाऱ्या गोळ्या, म्हणून उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचे.

डॉक्टरांना विचारून चालणे सुरू केले. सपाट रस्त्यावर पाच मिनिटे, मग दहा, असे करत काही आठवड्यांत अर्धा तास. जेवल्यावर तासभर नाही. चालताना बोलता आले पाहिजे. वाक्य तुटायला लागले की वेग कमी. भरलेली बादली उचलायची नाही, न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, कारण कुंथल्याने हृदयावर ताण येतो.

मीठ दिवसाला सगळे मिळून चहाच्या चमच्याएवढेच. लोणचे-पापड बंद. सासूबाईंना 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटल्यावर शिराही थांबला, मी सांगून थांबला नसता!

स्टेंट घातल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने एक दिवसही चुकवायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी. छातीत दुखले तर बसवायचे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत थांबले नाही तर शेजाऱ्यांचा सल्ला घेत न बसता १०८ ला फोन. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले, पायांवर सूज आली, तरी डॉक्टरांना कळवायचे.

एक गोष्ट विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. सिस्टरांनीच ओळखले. "दोन जिने न धापता, न दुखता चढता येऊ लागले की डॉक्टरांना विचारा, बहुतेकांना पतिपत्नींसारखं राहायला हरकत नसते." किती जणी हा प्रश्न मनातच ठेवून वेगळ्या खोलीत झोपत असतील!

ह्यांची चिडचिड मात्र लगेच गेली नाही. एकदा मला न सांगता दूध आणायला गेले, तेव्हा मी रस्त्यातच भांडले. ते म्हणाले, "तू माझ्याकडे असं बघतेस, की मी आजच जाणार असं मला वाटतं." त्या दिवसापासून नाकाशी हात धरणं मी सोडलं. दूध तेच आणतात. संध्याकाळी आम्ही दोघे तळ्यापर्यंत जातो, ऑफिसातल्या गोष्टी सांगत ते पुढे आणि धापा टाकत मी मागे.