विश्लेषण : जुन्या पिकअपचे मागचे ब्रेक घाटात का दमतात? डिस्क बसवणे हा उपाय आहे का?

कामशेतहून इंद्रायणी तांदूळ, फुले किंवा भाजीपाला घेऊन मुंबईकडे निघालेल्या पिकअपच्या ब्रेकची लोणावळ्यापर्यंत फारशी परीक्षा होत नाही. खंडाळ्यानंतर बोरघाट लागतो आणि खोपोलीपर्यंत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. दहा-बारा वर्षे राबलेल्या गाडीचे पॅडल खोल जाऊ लागते ते इथेच. मग गॅरेजवर विषय निघतो, मागचे ड्रम काढून डिस्क बसवून टाकायची का?

ड्रम तापल्यावर काय होते?

बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. तीन टन वजनाची भरलेली गाडी एवढी उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण ५५ लिटर गार पाणी उकळेल. त्यातली काही इंजिन, टायर आणि वारा घेतात. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. डिस्क उघड्यावर असते, ड्रम बंद डब्यासारखा. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असेल तर त्याची वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते.

पाटे वाढवल्याचा ब्रेकशी काय संबंध?

हा मुद्दा बहुतेक मालकांच्या लक्षातच येत नाही. अनेक पिकअपमध्ये चेसिसला एक व्हॉल्व्ह आणि तिथून मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली एक दांडी असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तोच व्हॉल्व्ह दाब रोखतो, कारण हलक्या गाडीची मागची चाके पटकन जाम होतात.

आता जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवले, तर भरलेली गाडीही खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते! मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. मालक म्हणतो ड्रम कुचकामी. खरे तर ड्रमपर्यंत पुरेसा दाब पोहोचलेलाच नसतो. यावर काही ठिकाणी दांडी तारेने बांधून दाब कायमचा मोकळा करतात. भरलेली गाडी मग बरी थांबते, पण परतीच्या रिकाम्या फेरीत, मावळातल्या पावसात ओल्या रस्त्यावर तिचा मागचा भाग गर्रकन फिरतो. हा जुगाड मूळ दोषापेक्षा घातक आहे.

मागे डिस्क बसवली तर?

थंड व्हायला डिस्क चांगली, यात वाद नाही. मात्र मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि पुढचे ब्रेक हे सगळे मागच्या ड्रमचा हिशेब धरून ठरवलेले असतात. हँडब्रेकही ड्रममध्येच असतो. डिस्कसोबत तो नव्याने जुळवावा लागतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार रोखते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत ब्रेक पाहिले जातातच.

मग पैसे कुठे घालावेत?

आधी पाटे मूळ संख्येवर आणावेत आणि दांडी कंपनीने दिलेल्या मापाला बसवून घ्यावी. व्हॉल्व्ह गंजून अडकला असेल तर बदलावा. मागची दोन्ही चाके उघडून व्हील सिलिंडर गळतो का, अ‍ॅक्सलचे सील फुटून लायनरवर ऑइल आले आहे का, हे पाहावे. ऑइल लागलेला लायनर घासून वापरू नये. ड्रमला खाचा असतील तर लेथवर फिरवता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे गेलेला ड्रम भंगारातच द्यावा. भातखाचरांच्या चिखलाने अ‍ॅडजस्टर जाम होतो आणि पॅडल खोल जाण्याचे कारण अनेकदा तेवढेच निघते. धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून लाइनमधली हवा काढावी.

एवढे करूनही डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलमध्ये उतरला तर इंजिनाची रोख मिळत नाही. इंजिनच बंद केले तर दोन-तीनदा पॅडल दाबल्यावर बूस्टरची मदतही संपते.

नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला काही दिवस लागतात. त्यामुळे काम झाले त्याच दिवशी भरल्या गाडीने खंडाळा उतरू नये. आधी पवनानगरच्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवावी आणि परत येऊन अ‍ॅडजस्टर पुन्हा तपासून घ्यावा.