बर्फात चालवायला स्वस्त आणि मजेदार गाडी: आधी टायर, मग गाडी

आजच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती, हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी.

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: ऑन्टॅरिओत नोकरी लागली आहे, बजेट १२ हजार कॅनेडियन डॉलर, सेकंडहँड चालेल, चालवायला मजा आली पाहिजे आणि बर्फात जीव वाचला पाहिजे. सुबारूच घेऊ का?

इकडे आलेला आपला प्रत्येक जण पहिल्या नोव्हेंबरात हेच विचारतो आणि ठरलेलं उत्तर ऐकतो, "ऑल व्हील ड्राइव्ह घे, मग टेन्शन नाही." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं कळतं ते पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट अंगावर यायला लागतात तेव्हा.

जरा बारावीचं फिजिक्स आठवा. पूर्ण ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, ते ढोबळमानाने दोनच गोष्टींवर ठरतं: वेगाचा वर्ग आणि टायर-रस्त्यामधलं घर्षण. वस्तुमान तर समीकरणातून कटूनच जातं. ताशी ५० किमी वेग धरा. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.८ असतो, म्हणजे गाडी १२ मीटरमध्ये उभी. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ धरला तर ४९ मीटर. काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१, म्हणजे जवळजवळ ९८ मीटर. आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही.

आता सांगा, इंजिनची ताकद दोन चाकांना जाते की चार, हे या हिशेबात कुठे आलं? आलंच नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. ऑल व्हील ड्राइव्हचा उपयोग निघताना, चढावर आणि बर्फात रुतल्यावर होतो, आणि तो खरंच मोठा आहे. पण गंमत अशी की सिग्नलवरून गाडी झपकन निघते, म्हणून रस्ता बरा आहे असं वाटायला लागतं. रस्ता तेवढाच घसरडा असतो, फक्त गाडीने तुम्हाला ते सांगितलेलं नसतं.

घर्षण वाढवणारी एकच वस्तू विकत मिळते: विंटर टायर. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं मऊ राहतं आणि त्याच्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. 'ऑल सीझन' हे नाव इथल्या थंडीत फसवं आहे. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह बघा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. ऑन्टॅरिओत तशी सक्ती नाही, पण लावले तर विमा कंपनीला सवलत द्यावी लागते. ती मागून घ्या. आणि चारही टायर बदला. फक्त पुढचे बदलले तर वळणावर गाडीची मागची बाजू आधी सुटते.

तर १२ हजारातले साधारण हजार-बाराशे डॉलर आधीच बाजूला ठेवा: चार विंटर टायर, वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवलेले. उरलेल्या पैशांत गाडी.

माझी पहिली पसंती २०१४ ते २०१८ची माझदा३, सहा गिअरची मॅन्युअल. पुढच्या चाकांवर चालणारी, साधं इंजिन, स्टिअरिंग इतकं बोलकं की पुढची चाकं घसरायला लागली की हाताला कळतं. बर्फात मजा म्हणजे हीच, कारण इथे गाडीची मर्यादा ताशी ३० वरच येते. हॉर्सपॉवर काय करायचेत? जास्तच खुमखुमी असेल तर फोर्ड फिएस्टा एसटी आहे: १९७ हॉर्सपॉवर, फक्त मॅन्युअल. पण ती जमिनीला इतकी चिकटून चालते की स्नोप्लाऊने रस्त्याच्या कडेला रचलेला ढीग ओलांडताना पोट घासतं.

घर टेकाडावर असेल किंवा गल्ली उशिरा साफ होत असेल, तर सुबारू इम्प्रेझा जरूर घ्या. जुन्या मॉडेलांत पाच गिअरची मॅन्युअल मिळते. फक्त तिचे चारही टायर सारखे झिजलेले लागतात. एक फाटला तर बऱ्याचदा चार घ्यावे लागतात.

आणि हो, कुणी सुझुकी एसएक्स४ दाखवेल. आपल्याकडे मारुतीने विकलेली सेडान आठवत असेल. तिचीच हॅचबॅक बहीण इथे ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मिळायची, बटण दाबून टू व्हील करता यायची. मला फार आवडते. पण सुझुकीने २०१४ मध्ये कॅनडातला कार धंदा बंद केला, त्यामुळे पार्ट शोधत बसायची तयारी ठेवा.

कोणतीही गाडी असो, किलोमीटरच्या आधी तिचं पोट बघा. कोकणात खाऱ्या हवेने दुचाकीचं काय होतं ते माहितीये ना? इथे तर रस्त्यावरच मीठ टाकतात. दारांखालची पट्टी, चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या आणि सस्पेन्शन जिथे बसतं ती फ्रेम, हे सगळं गाडी लिफ्टवर चढवून मेकॅनिककडून तपासून घ्या. वर चकाचक पॉलिश आणि खाली बोट लावलं की पापुद्रे सुटतात, अशा गाडीला नमस्कार करून निघा. घेतल्यावर दर वर्षी खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या.

थंडी पडली की टायरमधली हवाही कमी होते, तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की सुमारे १ पीएसआय. महिन्यातून एकदा तपासा.

टायर बसवायची वेळ ऑक्टोबरातच घेऊन ठेवा. पहिला बर्फ पडला की गॅरेजवाले फोनसुद्धा उचलत नाहीत. आणि रिकाम्या मॉलच्या पार्किंगमध्ये रात्री ड्रिफ्ट मारायचा मोह होईल, तर ऐका: ऑन्टॅरिओत स्टंट ड्रायव्हिंगचा कायदा पार्किंग लॉटलाही लागू आहे. घसरायला शिकायचंच असेल तर विंटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक दिवस घालवा. तिथे मुद्दाम घसरवतात, आणि समोर कुणाची गाडी नसते.