हशा, हळहळ आणि वऱ्हाडी माणूस

1956 साली मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांचं कीर्तन झालं. ते टेपवर राहिलं, हे आपलं नशीब. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा हा माणूस समोर बसलेल्यांना प्रश्न टाकतो, उत्तर वदवून घेतो, पुन्हा विचारतो. लोक हसतात, पण बाबांच्या वऱ्हाडी बोलीला नाही, स्वतःच्या खुळेपणाला. पुढे 1977 मध्ये राजदत्त यांनी बाबांवर 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट काढला. डॉ. लागूंनी त्यात बाबा उभे केले, आणि चांगलेच केले. तरी टेप ऐकलेल्या कानाला फरक कळतोच.

पुस्तकांनी ही बोली आधीच गंभीरपणे घेतली होती. उद्धव शेळक्यांची 'धग' आली 1960 मध्ये. शिंप्याच्या घरातली कौतिक पोटासाठी झगडते, नवऱ्याशी भांडते, मोडत जाते, ते सगळं वऱ्हाडीत. तिचं बोलणं वाचून कुणाला हसू फुटत नाही.

पडद्यावर मात्र वऱ्हाड पोचायला वेळ लागला. त्याला कारण धंद्याचं. अमरावतीच्या राजकमल, चित्रा या चौकांना टॉकीजची नावं चिकटली आहेत, इतकं इथे सिनेमाचं वेड. चित्रपट वितरणाच्या नकाशात हा पट्टा 'सी. पी. बेरार'. तो प्रांत 1950 ला इतिहासजमा झाला, सर्किटचं नाव तेच राहिलं. भुसावळ आणि अमरावतीच्या वितरकांकडून चित्रपटांच्या पेट्या गावोगाव जायच्या, त्यातल्या बहुतेक हिंदी. मराठी निर्मात्याचा गल्ला मुंबई-पुणे-कोल्हापूरकडे. मग त्याचा नायक तिकडचंच बोलणार ना! अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं 1981 च्या 'अरे संसार संसार'मधून महाराष्ट्रभर गेलं. गाणं गेलं, ते म्हणणारा शेतकरी काही बोलायला आला नाही.

तो आला 2006 च्या सुमाराला, पण मेल्यावर. आत्महत्यांमुळे कॅमेरे इकडे वळले. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतर कित्येक वर्षं अमरावती-अकोल्याची बातमी म्हणजे भेगाळलेली जमीन आणि ओसरीवर बसलेली बाई. दुःख खोटं नव्हतंच. पण त्याच गावांत लग्नं होत होती, पोट्टे स्पर्धा परीक्षा देत होते, रोडगे-वांग्याच्या पंगती उठत होत्या, ते कुणी दाखवलं नाही. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'ने (2009) हा साचा मोडला. शेजारी आत्महत्या होते आणि शेतकऱ्याची बायको अलका धसकते. नवऱ्याने तसं काही करू नये म्हणून ती पोराला त्याच्या पाळतीवर लावते आणि घरात पुरणपोळीचा घाट घालते. हसूही येतं, पोटात गोळाही येतो. मला विचाराल तर वऱ्हाडावरचा इतका खरा सिनेमा दुसरा नाही.

मग 2014 मध्ये टीव्हीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि अमरावतीकडच्या भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली. पुण्यातली पोरं 'काहून बे' म्हणू लागली. अमरावतीच्या मिर्झा बेगांच्या 'मिर्झा एक्सप्रेस'ने गावोगावच्या स्टेजवर ही वाट आधीच मळवली होती. गणेशपुरेंचं टायमिंग वादातीत, पण पाठोपाठ वऱ्हाडी बोलणारं प्रत्येक पात्र विनोदीच लिहायची सवय लागली. 2016 मधली 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची. तिला आधी गावंढळ ठरवलं, मग मसाल्यांची मालकीण केलं. बोली न बदलता बाई मोठी झाली, एवढं श्रेय त्या मालिकेला द्यायला हवं.

गेल्या काही वर्षांत मात्र वऱ्हाडी माणसाला पुढे यायला कुणाच्या परवानगीची गरजच उरलेली नाही. 27 मे 2025 ला लखनौत अमरावतीच्या जितेश शर्माने 33 चेंडूंत नाबाद 85 केल्या. बंगळूरने 228 चं लक्ष्य गाठलं आणि आठवड्याभरात आयपीएलही जिंकली. त्याचं कौतुक करताना ना दुष्काळ काढावा लागला, ना विनोद. मोबाइलमुळे शेतकऱ्याच्याही हाती कॅमेरा आला. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजारात दर त्याच्याही खाली, तेव्हा बाजार समितीच्या आवारातूनच व्हिडिओ फिरू लागले. 'मले सांगा' म्हणत माणूस हिशेब मांडतो: बियाणं, फवारणी, मजुरी, भाडं. मधे एखादी शिवीही येते.

मालिकेतला कलेक्टर, डॉक्टर किंवा प्रेमात पडलेला हिरो वऱ्हाडी बोलताना मात्र मी अजून पाहिलेला नाही.