आमच्या तळघरात दिवसाचा उजेड कसा आणला



आमचे घर भिंगारमध्ये जुन्या आळीत आहे. घराखाली एक तळघर आहे. त्याला ९ पायऱ्या आहेत. तिथे आम्ही बाजरीची पोती, कांदे आणि आजीची मोठी कणगी ठेवतो. तळघर उन्हाळ्यात गार असते म्हणून धान्य चांगले राहते. पण तिथे दिवसासुद्धा अंधार असायचा. मी लहान असताना मला वाटायचे की तिथे कोणीतरी बसले आहे. (ते म्हणजे कांद्याचे पोते होते.)

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आजी बाजरी काढायला खाली गेली. हातात चिमणी होती. शेवटची पायरी तिला दिसली नाही आणि ती पडली. तिचे मनगट मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. मग बाबांनी सांगितले, "आई, तू आता खाली उतरायचं नाहीस." आजी काही बोलली नाही. पण रात्री मला म्हणाली, "आरं, कणगी माझी, धान माझं, आन् मलाच खाली जायाला बंदी व्हय?" मला फार वाईट वाटले.

बल्ब का लावला नाही असे तुम्ही विचाराल. बल्ब होता. पण भिंतीला ओल येते. त्या ओलीने बटणाच्या बोर्डात शॉक येऊ लागला, म्हणून बाबांनी वायरच तोडून टाकली. शिवाय लाईट गेली की बल्ब काय कामाचा?

तिसरीत असताना आमची सहल चांदबीबी महालावर गेली होती. पाथर्डीच्या रस्त्याला डोंगरावर ती आठ बाजूंची दगडी इमारत लांबूनच दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. पण गुरुजींनी सांगितले की तो महाल नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. तो मुर्तजा निजामशहाचा वजीर होता. निजामशहाने १५६५ ते १५८८ पर्यंत राज्य केले. कबर खाली तळघरात आहे. भिंतीत एक अरुंद फट अशी ठेवली आहे की उगवत्या आणि मावळत्या सूर्याचे किरण आत कबरीपर्यंत येतात. तेव्हा कुठे वीज होती? मी घरी येऊन दादाला म्हणालो, त्यांच्या तळघरात ऊन जाते तर आपल्या का जात नाही?

दादा नववीत आहे. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला लागलो. उजेड वाढला की नाही हे कळायला मी एक युक्ती केली. भाषेचे पुस्तक घेऊन एकेक पायरी उतरायचे आणि कुठपर्यंत वाचता येते ते बघायचे. पहिल्या दिवशी दुसऱ्या पायरीपर्यंतच वाचता आले. वेळ रोज दुपारी १२ चीच ठेवली, नाहीतर हिशेब चुकतो.

आधी झरोका सापडला. जोत्याच्या भिंतीत गल्लीच्या बाजूला जुना झरोका होता. गल्लीचा रस्ता दर वेळी थोडा उंच होत गेला, म्हणून पाणी आत येऊ नये यासाठी कोणीतरी तो विटांनी बुजवला होता. बाबांनी विटा काढल्या. तेव्हा दिसले की झरोका बाहेरून अरुंद आणि आतून रुंद आहे, आणि त्याची खालची कड आत उतरती आहे. म्हणजे उजेड घसरगुंडीवरून यावा तसा खाली येतो! जुने गवंडी हुशार होते. बाहेर विटांचा वीतभर बांध घातला आणि जाळी लावली. आता तिसऱ्या पायरीवर वाचता आले. मला वाटले होते खूप फरक पडेल, पण पडला नाही.

कारण भिंती धुराने काळ्या होत्या. काळी भिंत उजेड खाऊन टाकते, पांढरी भिंत तो परत फेकते. बाबांनी कळीचा चुना भिजवला. पाणी टाकताच तो उकळल्यासारखा होतो, म्हणून मुलांनी जवळ जायचे नाही. भिंतींना आणि छताला दोन हात चुना दिला. पायऱ्यांच्या कडांनाही दिला, ते आईने सुचवले. एकदम पाचवी पायरी!

मग दादाने फुटक्या कपाटाचा आरसा आणला. गल्लीत ठेवून त्याने ऊन झरोक्यातून आत फेकले. आत इतका लख्ख कवडसा पडला की मी टाळ्या वाजवल्या. पण अर्ध्या तासाने बघतो तर कवडसा सरकून बाहेरच्या जोत्यावर गेलेला. सूर्य एका तासात १५ अंश सरकतो, त्याच्याबरोबर कवडसाही सरकतो. मग आरशाजवळ बसून राहायचे का? त्यात तो कवडसा समोरच्या काकूंच्या डोळ्यांवर गेला आणि आम्हांला बोलणी बसली. दादाने आरशाऐवजी पत्र्याला पांढरा रंग देऊन तो झरोक्यासमोर तिरपा ठेवला. तो आरशासारखा चमकत नाही, पण आभाळाचा उजेड दिवसभर आत ढकलतो. सहावी पायरी. एक सांगून ठेवतो, दाढीचा तोंड मोठे दाखवणारा गोल आरसा कधी उन्हात ठेवू नका. तो ऊन एका जागी गोळा करतो आणि कापड पेटू शकते.

आता बाटली. ब्राझील देशात आल्फ्रेडो मोझर नावाचे मेकॅनिक आहेत. तिकडे वीज सारखी जायची, तेव्हा २००२ साली त्यांनी छपरात पाण्याची बाटली बसवून घरात उजेड आणला. पुढे २०११ पासून फिलिपाईन्स देशात गरिबांच्या पत्र्याच्या घरांवर अशा हजारो बाटल्या बसवल्या. नुसते भोक पाडले तर एकच कवडसा जमिनीवर पडतो. पाण्यातून गेलेले किरण वाकतात आणि चारी बाजूंना फाकतात. पाणी हिरवे पडू नये म्हणून त्यात दोन झाकणे ब्लीच घालतात. ही बाटली वर उघडे आभाळ असेल तरच चालते, हे लक्षात ठेवा. आमचे अर्धे तळघर अंगणाखाली येते म्हणून जमले. तुळशीवृंदावनाच्या कोपऱ्यात एक शहाबादी फरशी फुटलेली होती. बाबांनी तिथे बाटली बसवून भोवती सिमेंट केले. बाटलीचे डोके वर आणि बाकीचा भाग खाली. भर दुपारी ती दिव्यासारखी पेटते! तळाशी बसून वाचता येते. आभाळ आले की मात्र मंद होते आणि रात्री काहीच नाही.

आमची एक चूक झाली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि बाटलीभोवतीचे सिमेंट तडकून पाणी आत गळले. खाली बाजरीचे पोते होते. चार दिवसांनी बघितले तर वरच्या बाजरीला मोड आले होते. आई खूप रागावली. मी दादाकडे बोट दाखवले, दादाने माझ्याकडे. पण पोते तिथून हलवायला मलाच सांगितले होते आणि मी खेळायला गेलो होतो. ती बाजरी शेळीला घातली. मग बाबांनी तडे डांबराने बुजवले. आता गळत नाही. बाटली उन्हाने तडकते म्हणून अधूनमधून बदलावी लागेल.

आषाढात बाबा स्वतः आजीला हात धरून खाली घेऊन गेले. तिने कणगीला हात लावला, आत डोकावली आणि म्हणाली, "बाई बाई, किती जाळी झालीत!" म्हणजे जाळी तिला दिसली. आता ती दुपारी सूप घेऊन सहाव्या पायरीवर बसते आणि बाजरीतले खडे निवडते. मी पुस्तक घेऊन गेलो तर म्हणते, "सरक तिकडं, उजेड आडवू नगंस."

खाली मी रंगीत खडूने आकृती काढली आहे. त्यात झरोका, पत्रा आणि बाटली दाखवली आहे. आजी जरा जाड झाली आहे.

— इयत्ता ४ थी