पिंपाला तडा गेला तेव्हा

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे मागच्या अंगणातलं दोनशे लिटरचं निळं पिंप म्हणजे घरातलं एक माणूसच! एप्रिलमध्ये एकदा पाणी भरून झालं, मी निवांत चहाचा कप हातात घेतला आणि बघते तर अंगणात ओहोळ. पिंपाला तळापासून वीतभर वर तडा गेलेला. पातेली, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून घेतला, तरी निम्मं पाणी गटारात गेलं. पुढचे चार दिवस कसे काढले, ते ज्यांच्याकडे असं पाणी येतं त्यांना सांगायला नको.

पहिला उपाय अर्थातच आमच्या ‘ह्यां’चा. झटपट चिकटणारं सोल्यूशन लावलं, ते दुसऱ्या दिवशी निघालं. मग दोन रंगांच्या गोळ्या मळून लावतात ते सील थापलं. तेही आठवड्यात खपलीसारखं सुटलं. शेवटी गाड्यांचे मडगार्ड जोडणाऱ्या गॅरेजमधल्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, ‘‘काकू, ह्या प्लास्टिकला काही चिकटत नाही. फेविकॉलच्या डब्यात सुकलेला फेविकॉल सालासारखा निघतो की नाही?’’ मी इतकी वर्षं तो डबा वापरतेय, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं!

पिंपाच्या बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा आणि एचडीपीई अशी अक्षरं असतील, तर ते पॉलिथीन. त्याचा पृष्ठभाग असा असतो, की गोंद त्याला धरतच नाही. खूण पुसली गेली असेल, तर कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकावा. पॉलिथीन तरंगतं, पीव्हीसी बुडतं. बुडालं तर मात्र त्याला तापवायच्या भानगडीत पडू नका, कारण पीव्हीसी जळलं की आम्लाचा धूर निघतो.

पॉलिथीनला चिकटवायचं नाही, वितळवून सांधायचं. पोराने आधी पिंप रिकामं करून अगदी कोरडं केलं. मग तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं. मला वाटलं, हा आणखी वाट लावतोय! पण कुर्त्याच्या साइड कटच्या टोकाला शिंपी जास्तीचे टाके घालतो ना, तसलंच ते. तड्याच्या टोकाला सगळा ताण एकवटतो. तिथे गोल भोक पडलं, की ताण पसरतो आणि तडा पुढे सरकत नाही. नंतर त्याने उन्हाने पांढुरका झालेला थर खरवडला, तड्यावर तासासारखी खाच केली, तशाच जातीच्या जुन्या झाकणाच्या पट्ट्या कापल्या आणि सोल्डरच्या गरम टोकाने त्या खाचेत वितळवत नेल्या. हे प्लास्टिक साधारण १३० अंशांना वितळतं. धूर निघाला तर समजा, ते जळतंय. उघड्या जाळावर हे करू नये आणि बंद खोलीत तर नाहीच. बाहेरून झाल्यावर आतूनही तसंच केलं. रात्रभर पाणी भरून ठेवलं, थेंब नाही गळला.

तडा का गेला, याचा दोष मात्र माझाच. पिंप वर्षानुवर्षं उन्हात. ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. गच्चीवरच्या टाक्या बऱ्याचदा काळ्या असतात, त्या ऊन सोसायला म्हणूनच. त्यात खाली फरशी उंचसखल आणि वर दोनशे किलोंचं ओझं. शिवाय मी त्याच पिंपाला टेकून धुणं धुवायची. ताण आलेल्या पॉलिथीनला साबणाचं पाणी सतत लागलं, तर तडे लवकर जातात, हे मला नंतर कळलं.

इंग्लंडमधल्या भाच्याला फोनवर ही कथा सांगितली तर तो हसायलाच लागला. तिकडे घरापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, म्हणून लोक प्लास्टिकच्या पिंपात ती करतात. त्याच्या मित्राच्या पिंपालाही तडा गेला होता. पण त्यात वायूचा दाब असतो, सांधा उसवला तर थेट अंगावर येईल, म्हणून त्याने ते जोडायच्या फंदात न पडता टाकून दिलं. (दारूबंदीच्या मोर्च्यात फिरलेल्या आत्याला पोराने हे सांगावं, म्हणजे कमालच!)

आता खरी गोष्ट. जोडलेल्या पिंपात प्यायचं पाणी मी भरत नाही. सांध्याच्या खाचाखोचांत बुळबुळीत थर धरतो, तो घासूनही पुरता जात नाही. डासांची अंडीही कडेला चिकटतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून कोरडं करायचंच. हे सगळं मी बचत गटाच्या बैठकीत सांगत होते, तर एकजण म्हणाली, ‘‘ताई, माझं पिंप फुटकं नाही, पण वास येतो.’’

घरी जाऊन पाहिलं. भंगारवाल्याकडून स्वस्तात घेतलेलं पिंप, अर्धवट फाटलेल्या लेबलवर धोक्याचं चौकोनी चिन्ह. कीटकनाशकाचं होतं ते! कितीही धुतलं तरी प्लास्टिक ते आत धरून ठेवतं. असे डबे मोडून वस्तीपासून लांब पुरावेत, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच म्हटलंय. मी तावातावाने म्हटलं, ‘‘आजच्या आज मोडून टाक!’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘मोडते की. मग पाणी कशात भरू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार लेकरांचं घर, आणि मी पिंप मोडायला निघालेली.

पुढच्या बैठकीत गटातून तिला नव्या पिंपासाठी कर्ज द्यायचं ठरलं. दोघींनी कुरकुर केली, पिंपासाठी कसलं कर्ज म्हणून. मग त्यातल्या एकीच्याच घरी लेबल खरवडलेलं पिंप निघालं आणि कुरकुर थांबली. त्या महिन्यात गटातून चार पिंपं घेतली गेली, बुडाशी खूण आणि खाद्यपदार्थांसाठी चालतं असं छापलेलं बघूनच.

तिचं नवं पिंप येईपर्यंत दोन आठवडे आमचं डाग दिलेलं पिंप तिच्या दारात होतं, धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी. प्यायला शेजारच्या स्टीलच्या घागरी. परत आलं तेव्हा तिने ते आतून-बाहेरून असं लख्ख घासलं होतं, की सांधा शोधावा लागला. आता ते सावलीत, सपाट फरशीवर ठेवलंय. धुण्याचा दगड मी पलीकडे हलवलाय.