गाईचं औषध मातीत कसं पोचलं?

डोळे मीट बरं! मृगाची पहिली सर आलीय. बाभुळगावच्या काळ्या शिवारातून तो वास येतोय. आहाहा!

सांग, हा वास कुणाचा? पावसाचा? छे! पाण्याला कुठे वास असतो? मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे इटुकले जीवाणू राहतात. ते जिओस्मिन नावाचा पदार्थ बनवतात. थेंब पडले, की तोच हवेत उडतो!

पण थांब, खरी गंमत पुढेच आहे. हेच चिमुकले औषधंही बनवतात! शेजारच्या जीवाणूंनी जागेत घुसू नये म्हणून. आपण बाकावर खडूची रेघ मारतो ना, 'इकडे यायचं नाही' म्हणून? तसंच!

१९४३ साली अमेरिकेत अशाच एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयरोगावरचं पहिलं गुणकारी प्रतिजैविक! आपल्या पुण्याजवळच्या पिंपरीच्या औषध कारखान्यातही संशोधकांनी बुरशी मारणारं हॅमायसिन शोधलं. ते बनवणाऱ्या जीवाणूचं नाव ओळख! स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना! गावाचं नाव जीवाणूला, आहे की नाही मजा?

आता गोठ्यात चल. गाईची कास सुजलीय. गुरांचे डॉक्टर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देतात. गाय बरी होते. पण औषध जातं कुठे?

सगळं अंगात जिरत नाही! टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं तर बरीचशी जशीच्या तशी शेणामुतातून बाहेर पडतात. शेण उकिरड्यावर, तिथून शेणखत शेतात. मातीत जन्मलेलं औषध माहेरी आलं की!

पाहुणी मात्र लवकर जात नाही. काळी माती किती चिकट, ठाऊक आहे ना? चप्पलसुद्धा रुतते! तिच्या बारीक कणांना पापुद्रे असतात. वहीत मोरपीस ठेवावं तसं टेट्रासायक्लिन त्यांत जाऊन बसतं.

मातीतल्या काही जीवाणूंना मग त्याची सवय होते. ते मरतच नाहीत! शिवाय 'असं वाचायचं' ही युक्ती ते शेजाऱ्याला देतात, परीक्षेत चिठ्ठी सरकवावी तशी. ती चिठ्ठी रोगाच्या जीवाणूच्या हाती लागली, तर आपलं औषधच फुकट!

म्हणून शास्त्रज्ञ मातीवर पाळत ठेवतात. समज, तुझ्या शेतातलाच नमुना हवाय. नागमोडी चालायचं. जागोजागी काडीकचरा बाजूला सारून वीतभर खड्डा करायचा नि कडेची माती खरवडायची. सगळी एकत्र करून गोल पसरायची. भाकरीसारखे चार तुकडे! समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हाच खेळ.

प्रयोगशाळेत औषधाचे रेणू द्रावणात उतरवतात. मग एक यंत्र चक्क रेणूंचं वजन करून त्यांना ओळखतं! किलोभर मातीत एक मायक्रोग्रॅम असलं, तरी सापडतं. म्हणजे किती? जवळजवळ ३२ वर्षांतला एक सेकंद! तुझे बाबा जन्मले तेव्हापासूनचा एकच 'टिक'!

आणि आपला उकिरडा? तो कमाल आहे! ओल आणि हवा नीट मिळाली, की खताचा ढीग आतून ५५ अंशांच्याही वर तापतो. त्या भट्टीत टेट्रासायक्लिनचा बराचसा भाग मोडून पडतो. काडी ना काडेपेटी, मग भट्टी पेटवली कुणी?

जीवाणूंनीच! थंडीत सकाळी खताचा ढीग उकरला, की वाफ निघते बघ. त्यांचंच चुलवण आहे ते!